आजचं चिंतन : डेल्टा आणि दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चौदावा. भगवंत अर्जुनाला सांगतात की थंडी-ऊन, सुख-दुःख हे सगळे इंद्रियांना होणारे स्पर्श आहेत. ते येतात, जातात, टिकत नाहीत. म्हणून ते सहन कर. शाळेत असल्यापासून मी हा श्लोक पाठ म्हणतोय. पण मध्ये काही वर्षं तो माझ्या तोंडून निघेना. त्याचं कारण एक ग्रीक अक्षर आहे आणि गंमत म्हणजे तो थोडाफार उलगडला तोही त्याच अक्षरामुळे. ते अक्षर म्हणजे डेल्टा.

आधी थोडी ओळख. डेल्टा हे ग्रीक वर्णमालेतलं चौथं अक्षर. ते फिनिशियन लिपीतल्या 'दालेथ' या अक्षरावरून आलं आणि दालेथ म्हणजे दार. मोठा डेल्टा त्रिकोणासारखा दिसतो. नाईल नदीच्या मुखाशी साचलेला गाळाचा त्रिकोण पाहून ग्रीकांनी त्या भूमीलाच डेल्टा म्हटलं. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात त्याला 'त्रिभुज प्रदेश' म्हणतात. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्रात असाच त्रिभुज प्रदेश तयार करते.

इंजिनिअरिंगला गेल्यावर मात्र डेल्टाचा एकच अर्थ डोक्यात बसतो : बदल. नंतरची किंमत वजा आधीची किंमत. तापमान २८ वरून ३३ झालं, तर डेल्टा ५. आम्ही बॅकअप घेतानासुद्धा दरवेळी सगळा डेटा कॉपी करत नाही. जेवढं बदललं तेवढाच डेल्टा साठवतो.

आणि मग २०२१ आलं. भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये पहिल्यांदा सापडलेल्या करोनाच्या एका प्रकाराला जगभर 'इंडियन व्हेरिएंट' म्हणत होते. आजाराच्या नावाने कुठल्या देशाला बट्टा लागू नये, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी अशा प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावं दिली. आपल्या वाट्याला डेल्टा आला.

तोपर्यंत माझा मामा गेला होता. वडाळे तलावाजवळ राहायचा. रोज सकाळी सातला त्याचा फोन यायचा, "उठलास का रे? पाठ झाला का?" मी निम्म्या झोपेत "हो मामा" म्हणून फोन ठेवायचो. एप्रिलमध्ये त्याला ताप आला आणि दहा दिवसांत सगळं संपलं. शेवटचं दर्शनसुद्धा लांबूनच झालं. सांत्वन करताना कोणीतरी मला हाच श्लोक ऐकवला. मला राग आला. येतात आणि जातात? मामा गेला, तो कुठे परत येणार आहे? त्या दिवसापासून माझा पाठ बंद झाला.

बऱ्याच महिन्यांनी ऑफिसमध्ये एक साधा हिशोब करत होतो आणि एक गोष्ट लक्षात आली. जे बदलत नाही त्याचा डेल्टा शून्य असतो. दोन्ही बाजूंना तीच संख्या असली, की वजाबाकीत ती उडून जाते. म्हणजे फक्त डेल्टा बघणाऱ्याला स्थिर गोष्ट कधी दिसतच नाही!

मी तसाच जगत होतो. पगार किती वाढला, नवीन मेसेज कोणाचा, आज काय बिघडलं, एवढंच बघायचं. मामाचा फोन रोजचाच, म्हणून तो हिशोबात नव्हता. तो यायचा थांबला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

मग पुन्हा श्लोक उघडला. भगवंत 'दुःख खोटं आहे' म्हणत नाहीत. 'सहन कर' म्हणतात. सहन करायला सांगतात म्हणजे ते दुखतं हे त्यांना मान्य आहे. आणि पुढे सतराव्या श्लोकात ते अशा तत्त्वाकडे बोट दाखवतात, जे सगळीकडे भरलेलं आहे आणि ज्याचा नाश नाही. मामालाही मी स्थिर धरून चाललो होतो, पण खरं स्थिर तेवढं एकच. हे बुद्धीला पटलंय. मनाला पूर्ण पटलंय असं म्हटलं तर ते खोटं होईल. सात वाजले की अजून हात फोनकडे जातो. पण आता फोन वाजत नाही म्हणून मी पाठाला बसतो.

आजचा अभ्यास : रात्री झोपण्यापूर्वी दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत आज काय बदललं ते. दुसऱ्या ओळीत जे बदललं नाही म्हणून दिसलंच नाही ते : आईचा डबा, चालू असलेला श्वास, कोणाचा तरी रोजचा फोन. तो फोन उद्या जरा नीट घ्या.

आणि मग दालेथ आठवा. त्या काळात देवळांची दारंसुद्धा बंद होती, ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला उघडली. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात माऊली देवाच्या दारात क्षणभर उभं राहायला सांगतात. तेवढा एक क्षण आज काढूया.

राम कृष्ण हरी!