शेगडीतली फायर ब्रिक का फुटते?

ओतशाळेतील भट्टीला आतून एका खास विटेचे अस्तर असते. कारागीर तिला फायर ब्रिक म्हणतात. पुस्तकात तिचे नाव उच्चतापसह वीट. चांगली फायर ब्रिक सुमारे १५००° सें. तापमानालाही मऊ पडत नाही. थंड देशांतील घरगुती शेगडीत तापमान १०००° सें.च्या वर क्वचितच जाते. तरीही काही हिवाळ्यांनंतर तिथली वीट तडकते व बदलावी लागते. असे का व्हावे?

आधी ही शेगडी पाहू. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा अमेरिकेत घर उबदार ठेवण्यासाठी दुसऱ्या इंधनाचा शोध सुरू झाला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, साधारण ६ मिमी. जाडीच्या कांड्या, म्हणजे पेलेट, जाळणाऱ्या शेगड्या १९८०च्या दशकात तेथे घरोघरी जाऊ लागल्या. आज इटलीतही त्या पुष्कळ आहेत. विजेच्या मोटरवर फिरणारा मळसूत्री दांडा पेलेट थोडे थोडे पुढे ढकलतो आणि पंखा हवा पुरवतो. ज्योतीमागे, पोलादी भिंतीला टेकून विटेची पाटी उभी असते. तिची कामे दोन : पोलादाला आचेपासून वाचवणे आणि आच ज्योतीजवळ राखून इंधन पूर्ण जाळणे. ज्वलन अपुरे राहिले, तर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. हिवाळ्यात बंद ठेवलेल्या खोलीत हा धोका लहान नाही.

फायर ब्रिक ॲल्युमिना व सिलिका यांनी समृद्ध अशा मातीची असते. साध्या विटेतील चुना व लोहाची संयुगे तिला कमी तापमानालाच मऊ करतात. फायर ब्रिकमध्ये ती अगदी थोडी असतात. म्हणून ती वितळत नाही. तिचे शत्रू वेगळे आहेत.

पहिला शत्रू घाई. वीट उष्णतेची मंदवाहक आहे. एकदम मोठी आच लावली, की पुढचा भाग तापून प्रसरण पावतो, मागचा मात्र थंडच राहतो. या ओढाताणीत तडा जातो, कारण वीट दाब पुष्कळ सोसते, पण ताण सोसत नाही. दुसरा शत्रू ओल. उन्हाळाभर बंद असलेल्या शेगडीतील वीट दमट होते. पाण्याची वाफ झाली, की आकारमान सुमारे १७०० पट होते. वाफेला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर ती विटेचे पापुद्रे उडवते. तिसरा शत्रू राख. राखेतील पोटॅशियमची संयुगे तप्त असताना विटेतील सिलिकाशी संयोग पावतात आणि लवकर वितळणारी काच बनवतात.

आता निगा कशी घ्यावी हे सहज कळेल. मोसमातील पहिली आच मंद ठेवावी. राख नियमित काढावी. वीट ओल्या फडक्याने पुसू नये, मऊ ब्रशने झाडावी. केसासारखी बारीक चीर चालते. पण तुकडे निखळू लागले किंवा मागचे पोलाद दिसू लागले, तर वीट बदललीच पाहिजे.

बदलताना शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि विजेचा प्लग काढावा. राखेत दडलेला निखारा तासन्‌तास धगधगतो, म्हणून राख झाकणाच्या धातूच्या डब्यातच भरावी. धूळ फुप्फुसाला घातक असल्याने नाकातोंडावर मास्क हवा. पट्ट्या सोडवून जुनी पाटी काढावी व त्याच जाडीची, त्याच प्रकारची नवी बसवावी. काही शेगड्यांत व्हर्मिक्युलाइट या अभ्रकासारख्या खनिजाची हलकी पाटी असते. तिच्या जागी जड वीट घालू नये.

नवी पाटी ठोकून घट्ट बसवू नये. गणित पहा : २३० मिमी. लांबीची वीट ८००° सें.ने तापली आणि तिचा प्रसरणांक दर अंशाला ०.००००६ धरण्याऐवजी योग्य तो, म्हणजे ०.०००००६ धरला, तर २३० × ८०० × ०.०००००६ = सुमारे १.१ मिमी. एवढी वाढायला जागा हवीच. साधे सिमेंटही वापरू नये. ते घट्ट होताना पाण्याशी बनलेली संयुगे ४००° ते ५००° सें.च्या सुमारास विघटन पावतात आणि सांधा भुसभुशीत होतो.

करून पहा : साध्या विटेचा कोरडा तुकडा वजन करा. २४ तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. किती ग्रॅम पाणी मुरले? त्याला १७०० ने गुणा. तितके घन सेंमी. वाफ त्या तुकड्यातून निघू शकते. तुकडा आचेवर मात्र ठेवू नका. वीट का फुटते, हे तो आकडाच तुम्हांला सांगेल.