चुना परत मिळतो!

मुलांनो, कर्जतची उल्हास आणि खालापूरची पाताळगंगा आपल्याला पाणी देतात. कारखान्याचे घाण पाणी त्यांत मिसळले तर?

चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर कागदासाठी प्रसिद्ध आहे. अशा मोठ्या कारखान्यांत बांबू व लाकूड कॉस्टिक सोडा आणि इतर रसायनांत शिजवून लगदा करतात. लगदा धुतल्यावर काळे पाणी उरते. ते आटवून जाळले की क्षार मिळतात. क्षार पाण्यात विरघळवून त्यांत कळीचा चुना घातला की कॉस्टिक सोडा पुन्हा तयार होतो. तळाशी गाळ बसतो. तो फिरत्या भट्टीत सुमारे १००० अंश सेल्सिअसला भाजतात. पुन्हा कळीचा चुना!

खर्च वाचतो आणि नदीही वाचते. सांगा पाहू, मग टाकाऊ काय उरले?