सार्वजनिक संगणकावरील ई-मेल : प्रवेश आणि निर्गमन

बेळगावच्या उत्तरेस महामार्गालगत वसलेले काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे जन्मगाव म्हणून परिचित आहे. काकतीपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यातील मराठी भाषक विद्यार्थ्यांपुढे बारावीनंतर दोन वाटा असतात. काही जण कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाकडे अर्ज करतात, काही महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे, तर काही दोहोंकडे. वाट कोणतीही असो, अर्जात ई-मेलचा पत्ता द्यावा लागतो. अर्जाचा परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, विसरल्यास तो नव्याने ठरविण्याची सोय बहुधा याच पत्त्यावरून होते. सारांश, ज्याच्या हाती ई-मेल खाते, त्याच्या हाती त्यावर अवलंबून असलेली इतर खातीही जातात. घरी संगणक नसल्यास हे काम सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात होते. म्हणून परक्या संगणकावर खाते कसे उघडावे आणि विशेषतः कसे बंद करावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. प्रवेशाचे स्वरूप

आपण पासवर्ड दिला की ई-मेल सेवेचा दूरस्थ संगणक तो पडताळतो आणि आपल्यासमोरील ब्राउझरला एक सांकेतिक खूण देतो. तिला ‘कुकी’ म्हणतात. कार्यालयाच्या दारात ओळख पटल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखे तिचे कार्य असते. बिल्ला छातीवर असेपर्यंत पुन्हा कोणी ओळख विचारत नाही. केवळ खिडकी मिटणे म्हणजे बिल्ला मेजावर ठेवून निघून जाणे होय. संगणक बंद केला तरी ही खूण अनेकदा टिकून राहते. ‘साइन आउट’ केल्यावरच बिल्ला परत केल्यासारखे होते.

२. प्रवेशापूर्वीची दक्षता

(अ) पत्त्याची ओळ वाचावी. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगत आधी जे नाव असते, ते खऱ्या मालकाचे. जीमेलसाठी ते ‘गूगल डॉट कॉम’ असेच संपले पाहिजे. त्यापुढे आणखी एखादे नाव जोडलेले असल्यास ते पान परके समजावे. कुलपाचे चिन्ह केवळ मार्ग सुरक्षित असल्याचे सांगते. मालक प्रामाणिक असल्याचे नव्हे.

(आ) क्रोममधील ‘इनकॉग्निटो’सारखी खासगी खिडकी उघडावी. अशा सर्व खिडक्या मिटल्यावर त्यातील कुकी नष्ट होतात.

(इ) पासवर्ड स्वतः टंकित करावा. तो जतन करावा काय, असे ब्राउझरने विचारल्यास नकार द्यावा.

३. निर्गमनाची रीत

सीमाभागातील केंद्रांत पडद्यावरील मजकूर मराठीत असेलच असे नाही. तो कन्नड किंवा इंग्रजीतही असू शकतो. त्यामुळे शब्दापेक्षा जागा ध्यानात ठेवावी. जीमेलच्या पानावर उजव्या वरच्या कोपऱ्यात आपले छायाचित्र किंवा नावाचे आद्याक्षर असलेले वर्तुळ असते. ते दाबल्यावर ‘साइन आउट’चा पर्याय मिळतो. त्यानंतर खात्यांच्या यादीत आपला पत्ता उरल्यास तोही काढून टाकावा. शेवटी जीमेल पुन्हा उघडून पाहावे. पासवर्ड विचारला गेला आणि त्याचा रकाना रिकामा असला, तर काम पुरे झाले. उतरवून घेतलेली गुणपत्रिका किंवा आधारपत्राची प्रत ‘डाउनलोड्स’मधून आणि नंतर कचरापेटीतूनही काढावी.

४. विसर पडल्यास

केंद्रात परत धाव घेण्याची आवश्यकता नाही. स्वतःच्या मोबाइलवरून गूगल खात्याच्या सुरक्षाविषयक भागात जावे. तेथे प्रवेश चालू असलेल्या उपकरणांची यादी मिळते. अनोळखी किंवा नको असलेल्या उपकरणावरून तेथूनच निर्गमन करता येते. शंका असल्यास पासवर्डही त्वरित बदलावा.

५. खात्याची मालकी

अर्जाच्या घाईत केंद्रचालकाने स्वतःचा मोबाइल क्रमांक देऊन विद्यार्थ्याचे खाते उघडले, तर निर्गमन कितीही काटेकोर असले तरी ते व्यर्थ ठरते. कारण खाते परत मिळविण्याचा संकेतांक त्या क्रमांकावर जातो. चालकाचा हेतू स्वच्छ असला तरी त्याने दुकान सोडल्यावर वा क्रमांक बदलल्यावर विद्यार्थी अडचणीत येतो. म्हणून पुनःप्राप्तीचा क्रमांक स्वतःचा किंवा आईवडिलांचा असावा आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. मोबाइलवर आलेला संकेतांक कोणासही सांगू नये.

दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी अन्वये गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. तथापि तक्रारीपेक्षा दक्षता सोपी. सहामाहीचा अभ्यास प्रवेशाच्या ऐन मुदतीत एका उघड्या खात्यामुळे वाया जाऊ नये, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

स्वाध्याय

१. खिडकी मिटणे आणि साइन आउट करणे यांतील भेद उदाहरणासह स्पष्ट करा.
२. आपल्या ई-मेल खात्यास जोडलेला पुनःप्राप्तीचा क्रमांक कोणाचा आहे, ते आजच तपासा.
३. प्रवेश चालू असलेल्या उपकरणांची यादी पाहून, आता वापरात नसलेल्या उपकरणांवरून निर्गमन करा.