शनिवारी कुत्री आणशील तेव्हा

काल फोनवर तू म्हणालीस, "आत्या, पिल्लू नाही, चार वर्षांची कुत्री आणतेय." तेव्हाच ठरवलं, तुला बसून नीट लिहायचं. फोनवर निम्मं राहून जातं. माझ्याकडे तिघं जण राहून गेले : चिमी, तांबू आणि काळ्या. तिघंही रस्त्यावरचे, गावठी. त्यांच्याकडून शिकले ते सांगते, आणि जिथे चुकले तेही सांगते.

मोठी कुत्री घेतेस हे फार चांगलं करतेस. पिल्लं सगळ्यांनाच हवी असतात, निवाऱ्यात मोठ्यांच्या पिंजऱ्यापाशी कुणी थांबत नाही. शिवाय मोठीचा स्वभाव समोर दिसतो. शनिवारच्या आधी एकदा तरी तिच्याजवळ जाऊन बसून ये. हात पुढे करू नकोस, तिलाच येऊ दे. तिथल्या माणसाला विचार की जेवताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरते का, लहान मुलं आणि मांजरं चालतात का, कशाकशाला दचकते. लसींचं कार्ड मागून घे. तिच्या कानाच्या टोकाला खाच असेल, तर नसबंदी झालेली आहे असं समज. आणि तुझ्या सासूबाईंचा होकार मनापासूनचा आहे ना, तेवढं बघ. घरातल्या एकाचाही नकार कुत्र्याला पहिल्या दिवशी कळतो.

सोसायटीची काळजी करू नकोस. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना स्पष्ट आहेत, सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही. पण तो कागद कपाटात राहू दे. आधी शेजारच्या काकूंना जाऊन सांग, जिन्यात घाण होणार नाही असा शब्द दे, आणि तो पाळ. रोज खिशात जुना पेपर ठेवायचा, म्हणजे झालं.

आता पहिले दिवस. इथे सगळे चुकतात, कारण सगळ्यांना घाई असते. आणल्या आणल्या अंघोळ घालू नकोस, कितीही वास येवो. पाहुणे बोलावू नकोस, फोटोसाठी मांडीवर घेऊ नकोस. टेबलाखाली किंवा पलंगाच्या कोपऱ्यात जुनी गोधडी अंथर, शेजारी पाणी ठेव आणि तिला विसरल्यासारखं वाग. ती जेवणार नाही, चालेल. दिवसभर शू करणार नाही, तेही चालेल. मात्र दोन दिवस झाले तरी तोंडाला काही लावलं नाही, तर डॉक्टरांना फोन कर. चिमी आमच्याकडे आली तेव्हा अकरा दिवस सोफ्याखाली होती. तुझे काका रोज संध्याकाळी सोफ्याला टेकून जमिनीवर बसायचे आणि मोठ्याने पेपर वाचायचे. बाराव्या दिवशी तिने त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. अग्रलेख चालू होता, काका थांबले नाहीत.

या पहिल्या दिवसांतच कुत्री पळून जातात. घाबरलेलं कुत्रं मागे रेटून गळ्यातल्या पट्ट्यातून डोकं सोडवतं. म्हणून छातीला बांधायचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा, दोन्ही घाल. गळ्यातल्या पट्ट्यावर तुझा फोन नंबर लिहून टाक. दाराची बेल वाजली की आधी तिला धर, मग दार उघड. केर काढताना झाडू उगारल्यासारखा धरू नकोस. रस्त्यावर वाढलेल्या जिवाने झाडूचा एकच उपयोग पाहिलेला असतो.

ती गुरगुरली तर रागावू नकोस. गुरगुरणं म्हणजे तिचं "नको" आहे. ते मारून बंद केलंस, तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. आणि कधी कुणाला दात लागलाच, अगदी ओरखडा असला, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद नको, चुना नको. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपाय उरत नाही. तिचीही रेबीजची लस दर वर्षी चुकवू नकोस.

खाण्याचं थोडक्यात. पहिला आठवडा तिथे जे खात होती तेच दे, मग हळूहळू बदल. भात, उकडलेलं चिकन, अंडं, भोपळा, सगळं बिनमिठाचं. दूध बहुतेकांना पचत नाही. शिजवलेलं हाड देऊ नकोस, त्याची टोकदार कपची आतडं फाडते. कांदा-लसूण घातलेली आमटी नको. चॉकलेट नको, द्राक्षं नकोत. बेदाणेही नकोत, म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरासुद्धा नको. लोक प्रेमाने भरवतात, तू हात धर. आणि तिला ताप आहे असं वाटलं तर आपली पॅरासिटामॉल देऊ नकोस. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट.

गोचीड रोज शोध. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. गोचीडतापाने काळ्या मरता मरता वाचला. दोन दिवस नुसता पडून होता, मला वाटलं उन्हाळा आहे. नाकातून रक्त आलं तेव्हा धावले. त्या दिवसापासून मी कुत्र्याच्या हिरड्या बघायला शिकले. तूही निरोगी असताना तिच्या हिरड्यांचा रंग बघून ठेव, म्हणजे पांढरट पडल्या तर ओळखशील.

दिवाळीत त्या चार रात्री गावाला जाऊ नकोस. खिडक्या लाव, पंखा मोठा कर आणि तिच्याजवळ बस. तू जवळ घेतलंस म्हणून भीती वाढत नाही.

पुढचं लिहिताना हात जड होतो, पण तेच तुला आधी कळायला हवं.

ती चार वर्षांची आहे. दहा वर्षं मिळाली तर खूप मिळाली. तोंडाभोवतीचे केस पांढरे होतील, गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरतील. तेव्हा तिच्या वाटेवर सतरंज्या टाक. मग एक दिवस डॉक्टर खाली बघून बोलतील.

तांबूची मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की आता त्याला सोडवा. तुझा दादा शारजाहून यायचा होता. मी म्हटलं, तो येईपर्यंत थांबू. नऊ दिवस सलाईन लावलं. त्याच्या तोंडात फोड आले होते, पाणी प्यायला की उलटी व्हायची, तरी मी जवळ गेले की शेपटी हलवायचा. त्या शेपटीकडे बघून मी रोज एक दिवस वाढवत गेले. दादा पोचला तेव्हा तांबूने मान उचलली नाही. ते नऊ दिवस मी माझ्यासाठी घेतले होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून काळ्याच्या वेळी कालनिर्णयवर खुणा केल्या. ज्या दिवशी तो स्वतः उठला, आवडीने जेवला, त्या दिवशी टिंब. नाही तर फुली. एका आठवड्यात फुल्या जास्त झाल्या त्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. शेपटी हलते का, हे मोजायचं नाही. ती शेवटपर्यंत हलते.

काळ्याला घरीच त्याच्या गोधडीवर निरोप दिला. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, तो गाढ झोपतो. मग दुसरं शिरेतून, आणि दोन-चार मिनिटांत हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. नंतर एखादा मोठा श्वास येतो, स्नायू थरथरतात, शू होते. ते दुखणं नाही. तू खोलीतून बाहेर जाऊ नकोस. रड, पण गुंगी चढेपर्यंत तिला तुझा आवाज ऐकू येऊ दे.

अंत्यसंस्काराचं आधीच विचारून ठेव, त्या दिवशी सुचत नाही. मुंबई महापालिकेची प्राण्यांची दाहिनी मालाडला २०२३ पासून आहे. तुमच्या ठाण्यातली सोय तुझ्या डॉक्टरांना ठाऊक असेल. गावी शेतात पुरायचं ठरलं तर विहिरीपासून लांब आणि खूप खोल खड्डा घ्यायला सांग, कारण त्या औषधाचा अंश शरीरात राहतो आणि कोल्ह्याकुत्र्यांनी उकरून खाल्लं तर तीही मरतात. घरात तोवर मूल असेल तर त्याला "पळून गेली" असं सांगू नका, ते दारात वाट बघत बसतं. "कुत्रंच तर होतं" म्हणणारे भेटतील. त्यांना उत्तर द्यायला तू बांधलेली नाहीस.

हे सगळं फार पुढचं. शनिवारी येताना गाडीत तुझी वापरलेली, न धुतलेली चादर घे आणि मागच्या सीटवर तिच्याशेजारी तू बस, गाडी नवऱ्याला चालवू दे. घरी पोचलात की मला फक्त एक निरोप पाठव. पंधरा दिवस मी येणार नाही. तिला आधी तुझ्या घराची सवय होऊ दे.