गर्द सुटल्यानंतरचे दिवस

हमरापूरच्या आसपासच्या कातकरी वाड्यांवर आपली गाठ बहुतेक वेळा दारूशीच पडते. पण कामासाठी पनवेल-मुंबईकडे जाणाऱ्या मुलांपैकी एखादा गर्दची सवय घेऊन परत येतो, आणि तेव्हा दारूबद्दलचे आपले ज्ञान पुरत नाही. म्हणून या अंकात हा पाठ घेतला आहे.

गर्द म्हणजेच ब्राऊन शुगर. ती, अफू, मॉर्फिन आणि ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या एकाच कुळातल्या. त्या अचानक थांबल्या की नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, अंग मोडून येणे, रात्र रात्र झोप नाही. व्यसनी मुले याला ‘टर्की’ म्हणतात. गर्दच्या टर्कीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि साधारण आठवड्या-दहा दिवसांत तो ओसरतो. घरच्यांना वाटते, सुटला. खरे म्हणजे धोक्याचे दिवस इथून सुरू होतात.

नशा थांबल्यावर शरीराची ती पचवण्याची ताकद उतरते. केंद्रातून किंवा तुरुंगातून घरी आलेल्या मुलाने पहिल्या काही आठवड्यांत पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास थांबून तो मरू शकतो. हाक मारून उठत नाही, श्वास मंद झाला आहे, ओठ निळे पडले आहेत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या आहेत, असे दिसले तर ताबडतोब १०८ ला फोन करावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा. ‘झोपू दे, उतरेल’ असे म्हणून सोडू नये. दवाखान्यात नॅलोक्सोन नावाचे उताऱ्याचे औषध असते, आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे.

काहींना डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात, कधी महिनोन्‌महिने. ‘ही तर एका नशेऐवजी दुसरी नशा’ असे आपल्यातलेच काही सेवक म्हणतात. मला ते पटत नाही. या गोळीने तलफ आवरते, मृत्यू कमी होतात, माणूस कामावर जाऊ शकतो. प्रार्थना जरूर करावी, पण प्रार्थनेने बरा झाला म्हणून गोळी बंद करायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मुंबईत वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. उपचारात ते अय्यंगार योगाचाही उपयोग करतात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण उघडले, तेच मुळी गर्दची लाट पाहून. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी त्याला देणगी दिली. मुक्तांगणकडून आपण घ्यावे ते हे, की तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होतात, आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा चालू राहतो. घसरून परत आलेल्यालाही तिथे दार बंद नसते.

आपल्याकडे पाठपुरावा म्हणजे कामाचा आणि पैशाचा विचार. गणपतीच्या कारखान्यांत सणाआधी रात्रपाळ्या, नंतर हात रिकामे. दिवाळीनंतर वीटभट्टीची उचल एकदम हातात येते. तो दिवस आधीच ओळखून ठेवावा. पैसे आईकडे ठेवायचे की बहिणीकडे, हे त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने ठरवावे. परस्पर काढून घेतले तर विश्वास तुटतो. त्याच्या बायकोला ‘तू सांभाळून घे’ एवढेच सांगून आपण मोकळे होतो, तेही बरे नाही. मार खाल्लेल्या बाईला आधी सुरक्षित जागा हवी.

पोलिसांच्या भीतीने काही घरे गप्प राहतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील कलम ६४ अ त्यांना समजावून सांगावे: स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या मात्रेच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण मिळते, मात्र उपचार पूर्ण करावा लागतो. केंद्राची चौकशी १४४४६ या मोफत सरकारी क्रमांकावर करता येते. मुलगा तयार झाला की त्याच दिवशी फोन लावावा, आणि त्याच्याबरोबर जाणारा माणूस व गाडीभाडे आधीच ठरवून ठेवावे.