वसुलीचा दिवस

सांगलीत मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असतानाही मी डोक्यावर पदर घेऊन भर बाराला बाजारात जाऊन येते. त्यामुळे जूनमध्ये फ्लोरिडाला, टँपात मुलाकडे गेल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, ऊन बाधेल, टोपी घाला," तेव्हा मला हसूच आलं. पारा होता जेमतेम 33 वर. आमच्याकडे फेब्रुवारीत एवढं असतं!

पण सांगलीच्या कोरड्या उन्हात घाम येतो आणि लगेच उडून जातो, जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तिथली उन्हाळ्यातली हवा इतकी ओली असते की घाम उडतच नाही, अंगावर नुसता थबथबत राहतो. 33 अंशांना 70 टक्के दमटपणा असेल तर ती हवा अंगाला 43 च्या आसपास लागते, तीही सावलीत. थेट उन्हात त्यावर आणखी सात-आठ अंश चढू शकतात. मुंबईच्या आणि कोकणातल्या माणसांना मी हे काय सांगणार? घाटावरच्यांसाठी सांगतेय.

टँपाहून ऑर्लँडो मोटारीनं दीड तास. तिथल्या समुद्री प्राण्यांच्या एका पार्कात एक दिवस घालवायचा ठरला. पार्कचं नाव घेत नाही, कारण त्यांचं काही चुकलं नाही, चुकलं ते माझं. मुलानं आमची पाच तिकिटं काढली, वर गाडी लावायचे पैसे वेगळे. डॉलरला रुपयांनी गुणायची खोड अजून गेलेली नाही. गुणाकार केला आणि छातीत धस्स झालं. तिथेच ठरवून टाकलं, की दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत सगळं बघायचं. पैसे वसूल झाले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सकाळपासून अर्धा कप चहापलीकडे पोटात काही द्रव नव्हतं. प्रवास म्हटला की आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं, ही माझ्या वयाच्या बायकांची सवय, एसटीनं लावलेली. रक्तदाबाची गोळी मात्र न चुकता घेतली होती, आणि माझी गोळी लघवीवाटे शरीरातलं पाणी काढणारी आहे. म्हणजे आत काही घालायचं नाही आणि बाहेर काढायचं औषध चालू! बरं, त्या पार्कात जिकडे बघावं तिकडे लख्ख स्वच्छतागृहं होती. वयाबरोबर तहानही मंदावते. घसा कोरडा पडायची वाट बघत बसलं तर फार उशीर होतो.

सकाळ छान गेली. उथळ हौदात हात घालून पाकटांच्या पाठीवर बोटं फिरवली, ओल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. समुद्रसिंहांचा वात्रटपणा बघून नातू लोळायचा बाकी होता. मग ओर्का देवमाशांचा खेळ. पुढची जागा मिळावी म्हणून आम्ही पाऊण तास आधी जाऊन बसलो, डोक्यावर छप्पर नसलेल्या बाकांवर. इथे बसलात तर भिजाल, असं पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं. "उडतील थोडे शिंतोडे," हे म्हणाले. सूनबाई नातवाला घेऊन मागे सावलीत बसली. ओर्कानं शेपटी आपटली आणि अंगावर घागरीच्या घागरी आल्या. खारं, बर्फासारखं गार पाणी. ह्यांच्या कानातलं श्रवणयंत्र, माझे बूट, मोजे, सुती पंजाबी ड्रेस, सगळं चिंब.

तसंच ओल्या कपड्यांनी पेंग्विन बघायला शिरलो. तिथे पेंग्विनांसाठी गोठवणारी थंडी करून ठेवलेली. दात वाजायला लागल्यावर बाहेर पळालो, ते पुन्हा भट्टीत. दुपारी दोनला पुढच्या रांगेत उभी असताना पोटऱ्यांत गोळे आले. मग मळमळ. हातपाय गार आणि अंगातून घामाच्या धारा. मला कळत होतं, पण बोलले नाही. अजून निम्मं पार्क बघायचं राहिलंय, मुलानं एवढे पैसे घातलेत, आपल्यामुळे विरस कशाला? शेवटी नातूच म्हणाला, "आजी, तू अशी पांढरी का दिसतेस?" त्यापुढचं मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं.

प्रथमोपचाराच्या खोलीत त्यांनी मला आडवं केलं, पाय उंचावर ठेवले, मानेवर आणि काखेत ओले टॉवेल ठेवले आणि घोट-घोट पाणी पाजलं. पैसे काही घेतले नाहीत. परिचारिकेनं सगळ्यात आधी विचारलं ते औषधांचं. मग मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, की घाम, गोळे, मळमळ, चक्कर इथवर सावली, पाणी आणि विश्रांतीनं आवरतं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, शुद्ध हरपली किंवा अंग चटका बसण्याइतकं तापलं तर तो उष्माघात. मग थांबायचं नाही, 911 फिरवायचा. माझ्या प्रवास-विम्याचे कागद तेव्हा टँपाच्या घरी कपाटात होते. अमेरिकेत इस्पितळाची पायरी चढावी लागली असती तर तिकिटांचा गुणाकार मी कायमची विसरले असते. विम्याचं कार्ड आणि औषधांची यादी पर्समध्येच हवी.

मुलांकडे निघालेल्या मैत्रिणींना मी आता विमानतळाआधी डॉक्टरकडे पाठवते. पाणी काढणारी गोळी चालू असेल तर उन्हाच्या दिवशी काय करायचं, हे तिथे विचारून घ्यावं. आपल्या मनानं बंद करू नये. जलसंजीवनीची पाकिटं इथूनच न्यावीत. मी नेली होती, पण विम्याच्या कागदांशेजारी ठेवून गेले होते! पार्कातल्या खाण्याच्या ठेल्यांवर साध्या पाण्याचा पेला मागितला तर बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो. आपण भिडेखातर मागत नाही आणि विकतची बाटली बघून पुन्हा गुणाकार करतो.

वेळेचंही एक गणित आहे. तिथे उन्हाळ्यात दुपार कलली की बहुतेक रोज ढग गडगडतात, आणि वीज जवळ आली की उघड्यावरचे पाळणे बंद होतात. म्हणून बाहेरचं सगळं सकाळी उरकावं, बारानंतर मत्स्यालयासारख्या बंदिस्त जागा गाठाव्यात आणि मधे तासभर नुसतं बसावं. भिजायची हौस असेल तर जरूर भिजावं, पण फोन, श्रवणयंत्र आणि कोरडा कपड्यांचा जोड आधी कुणाच्या तरी हवाली करून.

आणि चाकांची खुर्ची. दाराशीच भाड्यानं मिळत होती. सकाळी मुलानं विचारलं तर मी फणकारले, "मी काय आजारी आहे?" संध्याकाळी त्याच खुर्चीत बसून, पाऊस थांबल्यावर, मी पाण्याखालच्या काचेसमोर अर्धा तास एकाच ओर्काकडे बघत होते. दिवसभरात निवांत बघितलेली तेवढी एकच गोष्ट. त्याचा पाठीवरचा उंच पर एका बाजूला लवंडलेला होता. बंदिवासातल्या मोठ्या नरांचा तसा होतो, असं सूनबाईनं सांगितलं. तिनं 2013 चा 'ब्लॅकफिश' हा माहितीपट पाहिलाय. 2016 मध्ये ह्या पार्कच्या कंपनीनं ओर्कांची पैदास थांबवायचं जाहीर केलं, म्हणजे आता आहेत ती तिथली शेवटची पिढी. आपल्याकडे तर 2013 मध्येच सरकारनं डॉल्फिनच्या खेळांना मनाई केली. बघायचे तर हर्णैला नाहीतर मालवणला होडीतून, त्यांची मर्जी असेल तर. दुपारी मी टाळ्या वाजवल्या होत्या. काचेसमोर जरा ओशाळल्यासारखं झालं.

परत आल्यावर ह्यांचं श्रवणयंत्र दुरुस्तीला टाकलं. तिथल्या पोरानं ते उघडलं, भिंग लावून बघितलं आणि विचारलं, "काका, कोकणात गेला होता का? आत नुसतं मीठ आहे."

हे म्हणाले, "काय म्हणतोय तो?"