कर्करोग्यांची मोजदाद

एखाद्या प्रदेशात कर्करोग वाढत आहे काय, हा प्रश्न सहज विचारला जातो. परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी दोन संख्या हाताशी असाव्या लागतात. एका वर्षात त्या प्रदेशातील किती रहिवाशांना हा रोग झाल्याचे प्रथमच निदान झाले, ही पहिली संख्या. त्या वर्षी तेथे एकूण किती लोक राहत होते, ही दुसरी. पहिलीला दुसरीने भागले म्हणजे दर लाख लोकांमागे नव्या रोग्यांचे प्रमाण मिळते. समजा, चार लाख वस्तीच्या भागात वर्षभरात दोनशे नवे रोगी आढळले, तर हे प्रमाण लाखामागे ५० होय. गणित इतके सोपे असले, तरी त्यातील अंश व छेद हे दोन्ही मिळवणे विकसनशील देशात अतिशय कष्टाचे असते.

रुग्णालयाच्या दप्तरावरून हे काम भागत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येत आले आहेत. त्यांची संख्या कितीही मोठी असली, तरी ते कोणत्या लोकसमूहातून आले हे निश्चित नसल्यामुळे छेदच मिळत नाही. म्हणून रुग्णालयाऐवजी लोकवस्ती हा पाया धरणारी नोंदणी आवश्यक ठरते. डेन्मार्कमध्ये अशी देशव्यापी नोंदणी १९४२ साली सुरू झाली. भारतातील पहिली नोंदणी मुंबईत १९६३ साली, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीने, डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने उभी राहिली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कार्यक्रम आखला आणि १९८२ पासून मुंबईबरोबर बंगळूर व मद्रास येथेही या पद्धतीचे काम चालू झाले. बंगळूरचे केंद्र किडवई स्मारक संस्थेत आहे.

नोंदणी कर्मचारी माहितीची वाट पाहत बसत नाहीत. ते रुग्णालये, विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळा आणि मृत्युनोंदणीची कार्यालये येथे स्वतः जाऊन नोंदी उतरवून आणतात. एकच रोगी तपासणीसाठी एका ठिकाणी, शस्त्रक्रियेसाठी दुसरीकडे व किरणोपचारासाठी तिसरीकडे जातो. नावाची वर्णरचनाही दर ठिकाणी निराळी असते. त्याची गणना तीनदा होऊ नये म्हणून नाव, वय, पत्ता व रोगाचे स्थान ताडून पाहावे लागते. त्याबरोबरच, केवळ उपचारासाठी शहरात येऊन नातेवाइकांकडे उतरलेल्या मनुष्याला रहिवासी धरता येत नाही.

छेदाची अडचण येलहंक्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. बंगळूरच्या उत्तरेचे हे जुने गाव, केंपेगौडांच्या घराण्याचे ठाणे, दीर्घकाळ वेगळी नगरपालिका असलेले, २००७ साली तत्कालीन बृहत् बंगळूर महानगरपालिकेत सामील झाले. आता येलहंक्याचे रोगी अंशात घेतले आणि छेदात शहराच्या जुन्या हद्दीची लोकसंख्या ठेवली, तर रोग वाढला नसतानाही प्रमाण फुगलेले दिसेल. उलट केले तर ते खोटेच घटेल. म्हणून अंश व छेद यांची सीमा एकच असली पाहिजे. त्यात भर अशी की, २०११ नंतरची २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना लांबणीवर पडली. त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या अशा उपनगरांची लोकसंख्या अंदाजानेच धरावी लागली.

तुलना करताना वयाचाही विचार करावा लागतो. कर्करोग मुख्यतः उतारवयात होतो. साहजिकच ज्या देशात वृद्ध अधिक, तेथे रोगीही अधिक. हा फरक काढून टाकण्यासाठी वयोगटांनुसार आलेली प्रमाणे एका ठरावीक प्रमाणित लोकसंख्येवर बसवून पाहतात. त्यांनाच वयसमायोजित प्रमाण म्हणतात.

खेड्यांतील मोजणी याहून कठीण. तेथे अनेकांचा मृत्यू डॉक्टरांच्या दाखल्यावाचून होतो आणि कित्येकांचा रोग निदानापर्यंत पोहोचतच नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात, १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी यांनी निराळा मार्ग धरला. क्षेत्रकर्मचारी गावोगावी जात, शिक्षक व ग्रामप्रमुख यांना भेटत, रोगाची लक्षणे लोकांना समजावून सांगत आणि संशयित व्यक्तींना तपासणीस आणत. मोजणीसाठी केलेल्या या भेटींचा आणखी एक लाभ झाला: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या.

बार्शीतील प्रमाण मुंबईच्या निम्म्याच्या आसपास निघाले. येथे शंका येणे स्वाभाविक आहे: रोग खरोखरच कमी, की शोध अपुरा? २०१२ ते २०१६ या काळासंबंधीच्या राष्ट्रीय अहवालात पुरुषांतील वयसमायोजित प्रमाण ऐझॉल जिल्ह्यात लाखामागे २६९.४, तर उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व बीड यांच्या केंद्रात ३९.५ असे दिले आहे. एवढी तफावत तंबाखू, आहार व राहणी यांमुळे काही अंशी संभवते. परंतु निदानाच्या सोयींतील तफावतही विसरून चालणार नाही. म्हणून किती निदाने सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झाली, किती रोगी केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून कळले आणि नव्या रोग्यांच्या मानाने मृत्यूंची संख्या किती, हे तपासूनच आकड्यावर भरवसा ठेवावयाचा असतो.

हा सारा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर त्याच भागातून मिळाले. उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या विषाणूची चाचणी ज्या गटात केवळ एकदाच केली, त्यात या रोगाने होणारे मृत्यू चाचणी न दिलेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष, गावागावांतील नवे रोगी व मृत्यू बिनचूक नोंदले गेले नसते, तर काढताच आला नसता. त्या २०१२–१६ च्या अहवालाच्या वेळीही देशातील लोकवस्तीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याचीच अशी मोजदाद होत होती. ज्या प्रदेशाचा आकडा नाही, तेथे रोग नाही असे मात्र कोणी समजू नये.